कोटा भरला, टोळी गेली

२२ फेब्रुवारी २०२१, सोमवार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लांडग्यांच्या शिकारीचा हंगाम उघडला. तो आठवडाभर चालायचा होता आणि राज्याच्या शिकाऱ्यांच्या वाट्याला ११९ लांडगे होते. बुधवारी दुपारी हंगाम घाईघाईने बंद केला तोवर २१८ लांडगे मारले गेले होते. पुरते तीन दिवसही झाले नव्हते. हे चोरट्या शिकारीचे आकडे नाहीत. परवाने रीतसर होते, बंदुका रीतसर होत्या आणि मारलेलं जनावर कळवण्याचा नियमही बहुतेकांनी पाळला. तरी कोट्याच्या पावणेदोनपटीहून जास्त जनावरं पडली. 'नियंत्रित शिकार' या शब्दातलं नियंत्रण नेमकं कुठे बसतं आणि कुठून निसटतं, हे इथे उघड्यावर दिसतं.

मूळ कोटा २०० होता. त्यातले ८१ ओजिब्वे या आदिवासी जमातींच्या हक्काचे, कारण एकोणिसाव्या शतकातल्या करारांनी जमीन दिली तरी तिथल्या शिकारीतला वाटा त्यांनी राखून ठेवला होता. त्यांनी एकही लांडगा मारला नाही. त्यांच्या लेखी माईंगन, म्हणजे लांडगा, हा पहिल्या माणसाचा भाऊ आहे. एकाच्या नशिबी जे येईल तेच दुसऱ्याच्या, असं ते मानतात. वाटा घ्यायचा आणि वापरायचा नाही, हा ८१ जीव वाचवण्याचा त्यांचा मार्ग होता. राज्याच्या बाजूने झालेल्या जास्तीच्या ९९ शिकारींनी तो वाटा तर खाल्लाच, वर आणखी १८ खाल्ले.

आता चूक कुठे झाली ते बघू. याच राज्यात २०१२, २०१३ आणि २०१४ मध्येही हंगाम झाले होते. त्या वर्षांचे कोटे अनुक्रमे ११६, २५१ आणि १५० होते. मारले गेले ११७, २५७ आणि १५४. म्हणजे गणित चुकलं तरी एक ते सहा जनावरांनी. तेच राज्य, परवाने देणारं तेच खातं, शिकारीही बहुतेक तेच. मग २०२१ मध्ये काय बदललं?

पहिली गोष्ट परवान्यांची. आधी एका लांडग्यामागे दहा परवाने देत. या वेळी वीस दिले, म्हणजे ११९ लांडग्यांसाठी २,३८०. अर्ज सत्तावीस हजारांवर आले आणि दीड हजारांहून जास्त लोकांनी प्रत्यक्ष परवाना विकत घेतला. दुसरी गोष्ट हत्याराची. आधीच्या हंगामांत सापळेवाल्यांचं प्रमाण मोठं होतं. सापळा हे संथ हत्यार आहे. तो लावायचा, माणसाचा वास मारायचा, रोज जाऊन बघायचा, आणि बहुतेक दिवस हात हलवत परत यायचं. त्यामुळे शिकारीचा आकडा थेंबथेंब वाढतो आणि खात्याला शिकारीसाठी पाडलेला राज्याचा एकेक विभाग बंद करायला सवड मिळते. २०२१ मध्ये मात्र सुमारे ८६ टक्के लांडगे कुत्र्यांच्या मदतीने मारले गेले.

कुत्र्यांची शिकार अशी चालते. पहाटे गाडीने जंगलातले रस्ते पालथे घालायचे आणि रस्ता ओलांडून गेलेला ताजा माग शोधायचा. लांडग्याचा ठसा तळहाताएवढा असतो आणि माग एका रेषेत जातो. भटक्या कुत्र्यासारखा तो इकडेतिकडे भरकटत नाही. बर्फ पडलेला असेल तर हे काम लहान मुलालाही जमेल. मग गळ्यात जीपीएस पट्टा असलेली कुत्री मागावर सोडायची. एका वेळी सहांपेक्षा जास्त कुत्री चालत नाहीत, पण दमलेली उचलून ताजी सोडायला हरकत नसते. लांडगा पळत राहतो, कुत्री बदलत राहतात आणि पडद्यावरचा ठिपका बघत शिकारी पुढच्या रस्त्यावर जाऊन उभे राहतात. त्या आठवड्यात बर्फ होता. सगळे विभाग एकाच दिवशी उघडले होते आणि कुत्र्यांना पहिल्या तासापासून परवानगी होती.

तिसरी गोष्ट घड्याळाची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. मारलेला लांडगा चोवीस तासांच्या आत कळवायचा असा नियम. विभाग बंद करायचा तर चोवीस तास आधी सूचना द्यायची असाही नियम. दोन्ही आपापल्या जागी समंजस वाटतात. पण एकापुढे एक ठेवले की खातं नेहमी कालचा आकडा बघून उद्याचा निर्णय घेत असतं आणि मधला अख्खा दिवस बंदुका चालू असतात. रोज दोन-चार लांडगे पडत असतील तर ही ढिलाई खपते. रोज सत्तर पडायला लागले की तीच ढिलाई शंभर जनावरांची होते.

हंगाम फेब्रुवारीत आला तो कोर्टामुळे. केंद्राने जानेवारीत लांडग्याचं संरक्षण काढलं होतं. राज्याचा २०१२ चा कायदा सांगतो की संरक्षण नसेल तर हंगाम घेतलाच पाहिजे, आणि हंगामाची मुदत फेब्रुवारीअखेर संपते. खात्याला नोव्हेंबरपर्यंत तयारी करायची होती. एका शिकारी संघटनेने दावा लावला आणि न्यायाधीशांनी याच महिन्यात हंगाम घ्या म्हणून सांगितलं. फेब्रुवारी हा लांडगीच्या माजाचा महिना. जोड्या जुळण्याच्या, लागण्याच्या नेमक्या दिवसांत ही शिकार झाली आणि मेलेल्यांत जवळजवळ निम्म्या माद्या होत्या.

या तीन दिवसांचा एकूण परिणाम किती, यावर तिथे अजून हमरीतुमरी चालते. विद्यापीठातल्या संशोधकांनी वर्षभरात २७ ते ३३ टक्के घट झाल्याचा अंदाज मांडला. त्यात संरक्षण गेल्यानंतर गुपचूप मारून पुरलेल्या, कुठेच नोंद न झालेल्या लांडग्यांचाही हिशेब धरला होता. राज्याच्या खात्याने आपल्या पद्धतीने आदल्या हिवाळ्यात १,१२६ आणि पुढच्या हिवाळ्यात ९७२ लांडगे असल्याचं सांगितलं, म्हणजे घट १४ टक्क्यांच्या आसपास. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय न्यायालयाने संरक्षण परत लावलं आणि पुढचे हंगाम थांबले.

पण आकड्यांच्या या भांडणात एक गोष्ट दोन्ही बाजूंकडून सुटते. लांडगे मोजले जातात नगावर आणि जगतात टोळीने. टोळी म्हणजे बहुतांशी एक कुटुंब. एक नर, एक मादी, त्यांची या वर्षीची पिल्लं, आणि गेल्या एक-दोन वर्षांतली अजून घर न सोडलेली मुलं. सहा ते दहा जनावरं. मादी साधारण फेब्रुवारीत लागते, ६३ दिवसांनी एप्रिलमध्ये बिळात चार ते सहा पिल्लं घालते. पहिले काही आठवडे ती बिळाबाहेर फारशी जात नाही. बाकीचे शिकार करून येतात आणि पोटातलं मांस ओकून तिला व पिल्लांना भरवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिल्लू अंगाने मोठं दिसतं, पण पाच महिन्यांचं पोरच असतं ते. तीनशे किलोच्या एल्कला, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाला, कुठून भिडायचं, लाथ कशी चुकवायची, हे त्याने अजून फक्त बघितलेलं असतं. नेमका तेव्हा पश्चिमेकडच्या राज्यांत हंगाम सुरू होतो.

म्हणून एका टोळीतून एक लांडगा उचलला तर काय होईल याचं उत्तर 'कोणता?' या प्रश्नावर अटकलेलं असतं. दीड वर्षाचा, नाहीतरी घर सोडून निघालेला नर गेला तर टोळीला त्याची उणीव जेमतेम जाणवते. तो तसाही कुठल्या तरी परक्या टोळीच्या हद्दीत मारला जाण्याची शक्यता मोठी होती. विणारी मादी गेली तर मात्र सगळा डाव विस्कटतो. नर भटकायला लागतो, कारण टोळीत उरलेल्या माद्या त्याच्याच मुली असतात आणि लांडगे शक्यतो रक्ताच्या नात्यात जुळत नाहीत. हद्द राखणारं कोणी उरत नाही, शेजारच्या टोळ्या आत घुसतात. परवान्यावर हे काहीच लिहिलेलं नसतं. आणि दुर्बिणीतून तीनशे मीटरवरून बघणाऱ्याला ते कळणंही अवघड. कित्येकदा पुढे चालणारं, आधी उघड्यावर येणारं जनावर म्होरकंच असतं.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हे सगळं नावानिशी, किंवा खरं तर नंबरानिशी, नोंदलेलं आहे. तिथले शेवटचे लांडगे सरकारी माणसांनीच १९२६ पर्यंत मारून संपवले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. तेव्हापासून कॉलर, म्हणजे गळ्यात रेडिओ-पट्टा, घातलेल्या जनावरांचा जन्म, जोडीदार, भांडणं, मरण यांची वही अखंड चालू आहे. जगात लांडग्यांवर इतकं बारीक लक्ष क्वचितच कुठे ठेवलं गेलं असेल. उद्यानात शिकार अजिबात नाही. पण उद्यानाला कुंपणही नाही, आणि हिवाळ्यात बर्फ वाढला की एल्क उत्तरेच्या खालच्या दऱ्यांत उतरतात. त्यांच्यामागून लांडगे. उत्तरेकडच्या टोळ्या वर्षातला सुमारे ५ टक्के वेळ हद्दीबाहेर असतात आणि तो बहुतेक एल्कच्या शिकारीच्याच दिवसांत येतो. शिकारी एल्क सोलतात, आतडी तिथेच टाकतात. त्या वासाने लांडगे येतात. रस्त्याकडेला दुर्बिणी लावून उभ्या असलेल्या माणसांना बघत ते वाढलेले असतात, त्यामुळे माणूस दिसला म्हणून पळ काढायची त्यांना सवय नसते.

माँटाना राज्याचा पहिला हंगाम २००९ चा. कोटा ७५, मारले ७२. कागदावर याहून नेटका हंगाम शोधून सापडणार नाही. पण त्यातले काही लांडगे उद्यानाच्या उत्तर सीमेला लागूनच पडले आणि त्यांत कॉटनवुड टोळीची म्होरकी मादी, ५२७ नंबरची, होती. टोळीतले आणखीही गेले आणि ती टोळी तिथेच संपली. राज्याच्या तक्त्यात सगळं कोट्याच्या आत, उद्यानाच्या वहीत एक पान बंद. त्यानंतर राज्याने सीमेलगत ३१३ आणि ३१६ हे छोटे विभाग वेगळे काढले आणि तिथे अगदी मोजक्या लांडग्यांचा कोटा ठेवायला सुरुवात केली. नियमाची ही दुरुस्ती मला आजवरच्या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये शहाणपणाची वाटते. बंदी नाही, नुसतं मोजमापाचं एकक लहान केलं.

पूर्वेला वायोमिंगमध्ये मात्र ६ डिसेंबर २०१२ ला ८३२ नंबरची मादी गेली. २००६ मध्ये जन्मली म्हणून बघणारे तिला 'ओ-सिक्स' म्हणत. उद्यानात तिच्याएवढी नावाजलेली लांडगी दुसरी नव्हती. ती एकटी एल्क पाडत असे, ही गोष्ट लांडग्यांत विरळा. लामार कॅन्यन ही तिची टोळी. तिच्या जोडीदाराचा भाऊ, ७५४, काही आठवड्यांपूर्वीच मारला गेला होता. ती गेल्यावर जोडीदार ७५५ काही काळ येत-जात राहिला. मुलींसाठी बाहेरचे नर आले आणि हा बाप स्वतःच्या हद्दीत उपरा झाला. टोळी पांगली. मुलींपैकी ९२६ नंबरची मागे राहिली, अनेक वर्षांत तिने लामारमध्ये पुन्हा टोळी उभी केली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तीही ईशान्येच्या सीमेबाहेर, माँटानात, परवान्यावरच मारली गेली.

२०२१ मध्ये माँटाना राज्याने शिकारीचे नियम बरेच सैल केले. फासक्यांना परवानगी, खासगी जमिनीवर आमिष आणि रात्रीची शिकार, एका माणसाला शिकार व सापळे मिळून वीस लांडगे. त्याच वर्षी ३१३ आणि ३१६ चे छोटे कोटेही काढून टाकले. त्या हिवाळ्यात यलोस्टोनच्या टोळ्यांतले २५ लांडगे हद्दीबाहेर मारले गेले: माँटानात १९, वायोमिंगमध्ये ४, आयडाहोत २. उद्यानात तेव्हा जेमतेम शंभराच्या आसपास लांडगे होते. फँटम लेक ही टोळी नकाशावरून पुसली गेली. पुढच्या हंगामात सीमेचा कोटा परत आला, त्या पट्ट्यासाठी सहा.

आता उलट बाजू, कारण ती खरी आहे आणि ती टाळून लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. माँटाना राज्याच्या अंदाजाप्रमाणे तिथे गेली काही वर्षं सुमारे १,१०० लांडगे आहेत आणि दरवर्षी शिकारी व सापळेवाले मिळून अडीचशे ते तीनशे मारतात. चौथा हिस्सा दरसाल जाऊनही आकडा जवळजवळ जागेवर आहे. अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप आहेत, पण लांडगे धडाधड संपत चाललेत असं चित्र नाही. अलास्कातही साधारण २९ टक्क्यांपर्यंत माणसाने उचलले तरी संख्या घसरली नाही, असं एका जुन्या अभ्यासात दिसलं होतं. याचं कारण असं की हद्दीत जागा रिकामी झाली की घर सोडू पाहणारी तरणी जनावरं तिथेच थांबतात किंवा शेजारून येतात. म्हणजे भरपाई होते ती मुख्यतः स्थलांतरातून. दुसऱ्या काही संशोधकांनी माँटाना-आयडाहोचेच आकडे तपासून सांगितलं की ही सहनशक्ती वाटते त्यापेक्षा कमी आहे, पंचवीस टक्क्यांच्याही आत. कारण एक विणारी मादी मेली की तिच्यामागून पिल्लंही जातात. एक मेल्यावर एकच कमी होतो असं नाही.

अलास्कातल्या डेनाली उद्यानात या दोन्ही बाजू एकाच अभ्यासात शेजारी बसल्या. तिथे टोळी मोडण्याच्या ७७ टक्के घटनांच्या आधी किंवा त्याच सुमारास विणाऱ्या जोडीतलं कोणी ना कोणी मेलेलं होतं. आणि तरीही एकूण लांडग्यांच्या वाढीच्या वेगावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. २०२३ मध्ये डेनाली, यलोस्टोनसह पाच उद्यानांची नोंद एकत्र तपासली गेली. माणसामुळे टोळीतलं एखादं जनावर मेलं तर वर्षअखेर ती टोळी टिकण्याची शक्यता २७ टक्क्यांनी घटते, पुढच्या वर्षी पिल्लं होण्याची २२ टक्क्यांनी. मेलेलं जनावर म्होरकं असेल तर हेच आकडे ७३ आणि ४९ होतात. थोडक्यात संख्या तगते, पण कोणत्या दरीत कोणाची वस्ती, कोण कोणाकडून शिकलं, ही घडी मोडते. खात्याला उत्तर द्यायचं असतं संख्येचं. केंद्राने घालून दिलेली किमान अट राज्यामागे १५ विणाऱ्या जोड्या आणि १५० लांडगे अशी आहे. त्या मापाने माँटाना कधीच नापास होत नाही.

स्वीडनमध्ये 'कोणता लांडगा' हा प्रश्न आणखी टोकाचा होतो. तिथले लांडगे १९८० च्या दशकात आलेल्या एका जोडीचे आणि १९९१ मध्ये आलेल्या एका नराचे वंशज. नंतर बाहेरून आले ते मोजकेच. आपसातली नाती इतकी जवळची की सरासरी लांडगा जणू सख्ख्या भावंडांचं पोर. अशा ठिकाणी परवान्यावर शंभरातले दहा मारले तर किती फरक पडतो, हे विचारण्यात अर्थ नसतो. त्या दहांत फिनलंड-रशियाकडून चालत आलेला एखादा नर आहे का, ते आधी बघावं लागतं. म्हणून तिथे विभाग ठरवताना अशा पाहुण्यांच्या हद्दी वगळतात.

कायदेशीर शिकारीच्या बाजूने सगळ्यांत जास्त दिला जाणारा युक्तिवाद असा की, लोकांना थोडी मुभा दिली तर लांडग्यांवरचा राग निवतो आणि चोरटी शिकार कमी होते. विस्कॉन्सिनमध्ये हे दिसलं नाही. हंगाम सुरू झाल्यावरही लोकांचं मत निवळलं नाही आणि मुभा मिळालेल्या काळात वाढीचा वेगही मंदावला, असं काही संशोधकांनी मांडलं. स्वीडनमधल्या एका अभ्यासात मात्र उलट, कायदेशीर शिकार जास्त तेव्हा गुपचूप नाहीसे होणारे लांडगे कमी, असं निघालं. दोन्ही निष्कर्ष जसेच्या तसे घ्यावेत. ज्या समाजात शिकारी आणि खातं एकमेकांना ओळखून असतात तिथलं उत्तर निराळं आणि प्रत्येक हंगाम कोर्टातून उगवतो तिथलं निराळं, एवढं म्हणायला हरकत नाही.

गुरांचा मुद्दा मला याहून सरळ वाटतो. गुरं मारली जातात उन्हाळ्यात, डोंगरातल्या चराईवर. हंगामी शिकार होते हिवाळ्यात, जिथे बर्फात माग मिळेल तिथे. ज्या टोळीने वासरं मारली तीच टोळी बंदुकीपुढे येईल याची काही हमी नाही. गुरांची चटक लागलेली टोळी शोधून काढायची असेल तर ते काम वेगळं आहे, आणि त्यासाठी वेगळी यंत्रणा तिथे आहेही. हंगामाचा कोटा वाढवून गुरं वाचतील असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांची मला जरा कीवच येते.

आपल्याकडे हा वाद उपराच वाटेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने लांडग्याची शिकार बंद केली. कोटा, टॅग, हंगाम हे शब्द सोलापूर-नगरच्या माळावर कोणी उच्चारत नाही. पण टोळीचा हिशेब इथेही तोच आहे. आपल्या लांडग्यांची पिल्लं साधारण हिवाळ्यात होतात आणि रागाच्या भरात कोणी बीळ बुजवलं, धूर केला, की त्या टोळीचं वर्ष गेलं. फरक इतकाच की त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

माँटानाचा लांडग्यांचा हंगाम १५ मार्चला संपतो. फेब्रुवारीच्या मध्याला लागलेली मादी त्या तारखेला चार आठवड्यांची गाभण असते, अजून टोळीबरोबर मैलोन्मैल पळत असते, आणि बाहेरून बघून ती गाभण आहे हे कोणालाही सांगता येत नाही.